ओसरीवरची बाज

आमच्या घरात पुरुषाची बाज एकदा ओसरीवर गेली की परत आत येत नाही. हे कुणी ठरवलेलं नाही, पण चालत आलंय असंच. माझ्या सासऱ्यांचा खुबा मोडला, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला भेटायला बरं पडावं म्हणून त्यांची बाज ओसरीवर घातली. खुबा जुळला, सासरे काठी टेकत शेताला जायला लागले, बाज मात्र तिथेच राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ओसरीवरच जेवायचे, ओसरीवरच झोपायचे, आणि पुढे गेले तेही ओसरीवरूनच. मला ते पहिल्या दिवसापासून म्हातारेच वाटले.

म्हणून माझ्या नवऱ्याचा पाय मोडला आणि सासूबाईंनी दवाखान्यातून येऊन जीपमधून उतरता उतरताच "रुद्राची बाज ओसरीवर घाला रे," असं फर्मान सोडलं, तेव्हा मी हबकलेच. पायाची मला एवढी काळजी नव्हती. पाय काय, प्लास्टरात होता, जुळणारच होता.

नवरा माझा महारुद्र. वय अठ्ठेचाळीस, मिशी काळी. थोडी मूळची, थोडी केलेली. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री ओढायला चढला आणि ताडपत्रीसकट खाली आला. नडगीचं हाड मोडलं. परभणीच्या डॉक्टरांनी बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं, दीड महिना पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं, आणि उड्या मारत चालायला एक वॉकर दिला. त्या वॉकरला धरून तो चालायला लागला की आमची कोंबडी आधी पळायची आणि मग थांबून बघायची.

आता आमच्या खोलीचं सांगायला पाहिजे, नाहीतर मी का हबकले ते कळायचं नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यातली चोवीस आम्ही सासूबाई, दोन लेकरं, ज्वारीची पोती आणि एक खोकणारी शेळी यांच्या सोबतीनं काढली. त्या सगळ्यांतून लेकरं कशी झाली याचं मलाच कधी कधी नवल वाटतं. गेल्या वर्षी लेक राजेश्री सासरी गेली, माऊली नोकरीला पुण्याला गेला, आणि मागची खोली रिकामी झाली. मी नवऱ्याला घेऊन परभणीला गेले आणि डबल बेड आणला. सासूबाई त्या बेडभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "दोन माणसाला एवढा पलंग? कुस्त्या धरायच्यात का काय?" मी पदर तोंडाला लावला. महारुद्र बैलांना पाणी पाजायला निघून गेला. बैल आदल्या वर्षीच विकले होते.

पण त्या एका वर्षात मला माझा नवरा नव्यानं सापडला. हा माणूस गप्पा मारतो, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. अंधारात एकमेकांचं तोंड दाबत घाईघाईनं उरकायचं सोडून आणखी पुष्कळ काही असतं, हेही कळलं. दुपारी शेतातून येताना तो बाभळीखाली थांबून माझी वाट बघायचा. सूर्यभान, म्हणजे माझा धाकटा दीर, शेजारच्या वावरातून ओरडायचा, "दादा, चाललाव का थांबलाव?" आणि महारुद्र म्हणायचा, "चप्पल तुटली." त्या वर्षात त्याची चप्पल फार वेळा तुटली.

आणि आता तो ओसरीवर होता आणि मी त्या एवढ्या मोठ्या बेडवर एकटी.

हाड मोडलेल्या माणसाला भेटायला सगळं गाव येतं. बिस्किटाचा पुडा आणतं, प्लास्टरवर बोटानं टकटक करून बघतं, आणि मग स्वतःचं किंवा सोयऱ्याधायऱ्याचं कुठलं हाड कधी मोडलं होतं ते सांगत बसतं. नागनाथकाकांचा हात कधीकाळी मोडला होता. ते रोज दुपारी यायचे आणि त्या हाताची गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. त्यांचा हात माझ्या ओळखीचा झाला होता.

सासूबाईंनी आणखी एक सोय केली. मी मागं परसात, त्या कधी देवळात, मग महारुद्राला काही लागलं तर त्यानं हाक किती वेळ मारायची? म्हणून त्याच्या उशाला एक स्टीलचं ताट आणि पळी ठेवली. सावकाश वाजवलं तर पाणी. घाईत वाजवलं तर बाटली. बाटली म्हणजे दवाखान्यातून दिलेली ती लघवीची, बाजेखालीच असायची. ही खूण आठवडाभरात सगळ्या गल्लीला पाठ झाली. समोरच्या तानुबाई तर अशा की ताट घाईत वाजलं की आपल्या दारातून ओरडायच्या, "शिवकन्येऽ, पळ गं! घाईचं हाय!" चारचौघांत नवऱ्याच्या लघवीची दवंडी पिटली जाण्याची सवय बाईला लवकर होते. पुरुषाला होत नाही. महारुद्र पांघरूण डोक्यावर घ्यायचा.

तेही चाललं असतं. पण हळूहळू तो म्हातारा व्हायला लागला.

आधी त्यानं डोक्याला उपरणं गुंडाळायला सुरुवात केली. मग बोलण्याआधी खाकरायला लागला. गल्लीतून गाडी जोरात गेली की "आजकालची पोरं" म्हणायला लागला. मिशी पांढरी व्हायला लागली, तर म्हणाला, "राहू दे, आता कुणाला दाखवायचीय." आणि एका सकाळी चहा पिता पिता, जसं काही मीठ मागावं तसं, मला म्हणाला,

"माळ्यावर दादाची काठी हाय बग. तेवढी काढून ठिव. प्लास्टर निगालं की लागंल."

दादा म्हणजे माझे सासरे. मी हिशोब केला. सासरे ओसरीवर गेले तेव्हा त्यांचं वय साधारण अठ्ठेचाळीसच असेल. मी चहाची बशी उचलली आणि आत गेले. काठी काढली नाही. उलट आणखी आत, पोत्यांच्या मागं ढकलली.

त्या दिवशी ओसरीला जुन्या साडीचा आडपडदा लावून मी त्याचं अंग पुसत होते. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी पाठ पुसता पुसता हळूच म्हणाले,

"आत चला की."

"कुटं?"

"खोलीत. वॉकर हाय. दहा पावलं न्हाई."

त्यानं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला आकाशपाळण्यात बसायला बोलावलंय.

"शरम हाय का न्हाई तुला? लेकीचं लगीन झालं. जावई येतो घरला. अन् माझा पाय मोडलाय."

"पायच मोडलाय न्हवं?"

त्याला हसू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते जुनं, मिशीच्या एका बाजूनं येणारं हसू. मग ते विझलं. आवाज खाली आणून म्हणाला, "अन् हाड हाललं तर गं? जुळत आलेलं निसटलं तर? लोकाला काय सांगावं, कशानं निसटलं म्हणून?"

तर हे होतं. म्हातारपण नव्हतं, भीती होती. भीतीला इलाज असतो.

"डॉक्टरला इचारू."

"कोन इचारणार?"

"तुमी."

"मी मेलो तरी इचारणार न्हाई."

"मंग मी इचारते."

"शिवकन्ये!" त्यानं ओला हात माझ्या मनगटावर ठेवला. नको म्हणायलाच ठेवला असेल, पण काढला मात्र लवकर नाही.

परभणीला दाखवायला जायचा दिवस आला. सूर्यभान जीप चालवायला, सासूबाई मुलाच्या काळजीपोटी, आम्ही दोघं मागं. दवाखान्यात महारुद्राला पायाचा फोटो काढायला नेलं. सूर्यभान गोळ्या आणायला गेला. सासूबाई बाहेरच्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसल्या. आत डॉक्टरच्या खोलीत मीच एकटी, आणि समोर मोठे डॉक्टर नव्हते, नवीन डॉक्टरीण होती. माझ्या राजेश्रीच्या वयाची. केसाला पेन अडकवलेलं. खोलीला दार नव्हतं, हिरवा पडदा होता.

तिनं खाणं-पिणं विचारलं, पायाची बोटं सुजतात का विचारलं, आणि मग म्हणाली, "अजून काही विचारायचंय का काकू?"

रस्ताभर मी वाक्य जुळवत आले होते. त्यातलं एकही आठवेना. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या गुडघ्याकडं बघत म्हणाले, "नवरा-बायकोचं... चालतंय का? या दिवसात?"

ती लिहीत होती, लिहीतच राहिली.

"चालतंय की. हाड छान जुळतंय. फक्त त्या पायावर भार येऊ द्यायचा नाही. काकांना उताणं झोपू द्या, पायाखाली उशी ठेवा, पाय पिरगळू द्यायचा नाही. बाकीचं तुमच्याकडं घ्या. दुखलं की थांबायचं."

एवढंच. शेंगदाण्याच्या चटणीची कृती सांगावी तसं. माझे कान तापले होते आणि ही पोर पुढचं पान उलटत होती. मग एकदम वर बघून हसली.

"विचारलंत ते बरं केलंत. काका लोक विचारत नाहीत. घरी जाऊन घाबरत बसतात."

मी पडदा सारून बाहेर आले तर सासूबाई बाकड्याच्या अलीकडच्या टोकाला सरकून बसल्या होत्या. पलीकडं ऊन आलं असेल, असं मला वाटलं.

येताना जीपमध्ये महारुद्राचा प्लास्टरचा पाय माझ्या मांडीवर आडवा होता. पुढं सूर्यभान सासूबाईंना सोयाबीनचा भाव समजावून सांगत होता. महारुद्र खिडकीतून बाहेर बघत ओठ न हलवता म्हणाला,

"इचारलंस?"

"इचारलं."

"खरंच इचारलंस?" त्याच्या आवाजात आदर होता, माझ्याबद्दलचा. "काय म्हणले डॉक्टर?"

"डॉक्टर न्हवते. डॉक्टरीण व्हती. चालतंय म्हणली."

पुढचा रस्ता खडबडीत होता. मी खडखडाटाचा फायदा घेऊन पदराआडून त्याच्या कानात सगळी कृती सांगितली. तो ऐकत गेला आणि त्याचे कान आधी लाल, मग जांभळे झाले. मला वाटलं, राग आला. पार गंगाखेड मागं पडल्यावर तो खिडकीकडंच तोंड करून म्हणाला,

"उशी कितीक मोठी?"

मी प्लास्टरवर तोंड टेकवून हसले. सासूबाईंनी मागं वळून बघितलं आणि काही विचारलं नाही. त्या नेहमी विचारतात.

परवानगी मिळणं सोपं असतं, वेळ मिळणं नाही. पुढचे काही दिवस आमच्या दोघांच्या नजरा नुसत्या घड्याळाकडं. सकाळी दूधवाला, मग भजनी मंडळातल्या बाया, दुपारी नागनाथकाका आणि त्यांचा हात. एका दुपारी सासूबाई डोळा लागून पडल्या, मी खूण केली, महारुद्रानं वॉकर ओढला, उठून उभाही राहिला, आणि अंगणातून आवाज आला, "काय महारुद्रा, कुटं निगालास? बस बस. तर काल कुटपतूर सांगितलं व्हतं?" महारुद्र बसला. काकांनी हात कोपरापासून पुन्हा सुरू केला.

पण गंमत अशी की महारुद्राचं उपरणं गेलं होतं. खाकरणं गेलं होतं. भाकरी मागताना तो माझ्याकडं असं बघायचा की भाकरी करपायची. एका संध्याकाळी त्यानं सूर्यभानला हळूच सांगून मिशीचा रंग मागवला. पण बाज अजून ओसरीवरच होती, आणि मला माहीत होतं, प्लास्टर ओसरीवर असताना निघालं तर तो तिथेच राहील. "आता काय चार दिवस, राहू दे इतंच" म्हणतील, आणि ते चार दिवस संपणार नाहीत. आत यायचं असेल तर आताच.

सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच लुगडं बदललं.

"मी बाजाराला जायलेय," त्या म्हणाल्या. "यायला सांज व्हईल."

"बरं आत्याबाई."

"सांजच व्हईल," त्या चप्पल घालता घालता पुन्हा म्हणाल्या. "लौकर काय येत न्हाई मी." आणि पिशवी काखेत मारून गेल्या. जेवणं झाली आणि गल्ली शांत झाली. अर्धी बाजाराला, अर्धी वावरात. नागनाथकाकांची यायची वेळ अजून व्हायची होती. मी ओसरीवर आले. महारुद्र आधीच उठून बसला होता, केस विंचरलेले, मिशी काळीभोर.

"उशी घे," तो म्हणाला.

बाजेवरच्या दोन्ही उशा मी काखेत मारल्या. तो वॉकर धरून निघाला. टक, उडी, टक, उडी. कोंबडी वाटेतून बाजूला झाली. मधल्या घरात आल्यावर मी समोरचं दार लावून घेतलं, कडी घातली. आमच्या गावात दिवसा दार लागत नाही. लागलं तर एक तर घरचे गावाला गेलेत, नाहीतर आत काही विपरीत घडलंय, असं धरतात. घाईत मला त्याचं भान राहिलं नाही. दुसरं म्हणजे बाटली ओसरीवरच राहिली. आणि तिसरं ते कपाट.

खोली लहान, बेड मोठा. बेडच्या पायथ्याला लागून लोखंडी कपाट. आधी त्यात राजेश्रीच्या साड्या, माऊलीची पुस्तकं गच्च भरलेली असायची. आता रिकामं. रिकाम्या कपाटाला नुसता धक्का लागला तरी ते देवळातल्या नगाऱ्यासारखं घुमतं, हे तेव्हा आमच्या डोक्यात येणार कुठून?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच केलं. त्याला उताणं निजवलं. पायाखाली दोन उशा दिल्या, एक कमी वाटली म्हणून माझी तिसरी दिली. भार येणार नाही असं बघितलं. तो सारखा विचारत होता, "तुला जड जायलंय का?" आणि मी म्हणत होते, "तुमी गप पडा, इतकी वरसं तुमीच केलं ना सगळं?" आणि मग तो गप पडला, आणि बघत राहिला माझ्याकडं. दुपारच्या उजेडात. चोवीस वर्षांच्या अंधारानंतर उजेडात कुणी आपल्याकडं असं बघितलं की पोट कुठं लपवावं कळत नाही. मग लपवायचं राहूनच गेलं.

त्याची उशीवरची टाच कपाटाला लागत होती, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. ऐकू येत होतं, पण कुठून येतंय कळत नव्हतं, आणि कळायची गरजही वाटत नव्हती.

तानुबाईंना मात्र बरोबर कळलं. त्यांनी नंतर गल्लीभर सांगितलं ते असं: "आदी सावकाश वाजायलं. मला वाटलं, पाणी मागायलाय, दील शिवकन्या. मंग घाईत वाजाय लागलं. मी म्हनलं, अगं बया, घाईचं हाय! पळतच आले!"

दारावर थाप पडली तेव्हा आम्ही दोघं दगडासारखे झालो.

"शिवकन्येऽऽ! अगं बाटली भायेर राहिली! दार कामून लावलंय?"

मी महारुद्राच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं माझ्या तोंडावर ठेवला.

"अगं उगड की! लेकरू थांबंल का तवर?"

अठ्ठेचाळीस वर्षांचं लेकरू खाली थरथरायला लागलं. हसू दाबायला गेलं की प्लास्टर हलायचं, प्लास्टर हललं की कपाट घुमायचं, आणि कपाट घुमलं की बाहेर तानुबाईंचा जीव खालीवर.

"परत वाजवायलाय! अहो नागनाथराव, इकडं या! दार आतून लावलंय, बाज रिकामी हाय, अन् आत कोन तरी आपटायलंय!"

नागनाथकाकांचा आवाज अंगणात शिरला. "पडला आसंल. बाथरूममदी पडला आसंल. माजा हात असाच मोडला व्हता. महारुद्राऽ!"

महारुद्राला वाटलं, आपण बोललं की विषय मिटेल. त्यानं माझा हात बाजूला केला आणि ओरडला, "मी बरा हाय काकाऽ!" पण आवाज कुठल्या तरी भलत्याच जागेतून निघाला. बारीक, चिरका.

"आयका!" तानुबाई रडकुंडीला आल्या. "कसा आवाज झालाय! लय दुकायलंय त्येला!"

"पहार आना," काका म्हणाले. "दार बिजागरीतून काढू."

आता मात्र हसू गेलं. साडी कुठं, पोलकं कुठं. मी एक बाही घातली तर ती महारुद्राच्या सदऱ्याची निघाली. तो उठायला गेला, मी त्याला खाली दाबलं, "पाय पिरगळू नका!" आणि त्या क्षणी मला वाटलं की संपलं सगळं. आता दार निघणार, गाव बघणार, आणि हा माणूस पुन्हा कधी या खोलीत पाय टाकणार नाही. लाजेनं ओसरीवर जाईल आणि दादाची काठी स्वतः काढून घेईल. त्याच्या तोंडावर मला ते दिसत होतं. त्याचे डोळे दारावर खिळले होते, आणि हात त्या काळ्या मिशीवर, जणू ती झाकून घ्यायची होती.

आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"काय जत्रा भरवली रं माज्या दारात?"

"धुरपताबाई, तुमी आलाव! बगा, रुद्रा आत पडलाय, अन्..."

मग एकदम शांत. बाज रिकामी होती. वॉकर नव्हता. बाजेवर उशा नव्हत्या, दोन्ही. त्या शांततेत सासूबाई काय काय बघत होत्या ते मला दार बंद असूनही दिसत होतं. मी डोळे मिटून घेतले.

"पडला न्हाई," सासूबाई म्हणाल्या. उंबऱ्यावर कुणीतरी धपकन बसल्याचा आवाज आला. मग अडकित्त्याचा कटकट आवाज. त्या सुपारी कातरत होत्या. "परबनीच्या डॉक्टरीणीनं व्यायाम सांगितलाय त्येला."

"व्यायाम? दार लावून?"

"वारं लागू द्यायचं न्हाई म्हणली."

"पर एवड्या जोरात वाजायलं..."

"हाड जुळायचंय का न्हाई, तानुबाई? हळू हळू केल्यावर जुळतंय का?"

आत महारुद्रानं तिसरी उशी ओढून तोंडात कोंबली.

"माज्या हाताच्या टायमाला असला व्यायाम न्हवता," नागनाथकाका म्हणाले. त्यांना जरा वाईट वाटलेलं होतं.

"तुमच्या टायमाला कायच न्हवतं नागनाथराव. आमच्याबी न्हवतं. जावा आता. पहार कुनाची आनलीय ती दिऊन या. अन् तानुबाई, ती बाटली खाली ठिवा की, किती वेळ हातात धरनार?"

पावलं लांब गेली. अडकित्ता चालूच राहिला. त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. आणि दाराशी तोंड आणून, हळू आवाजात म्हणाल्या, "घाई करू नगा. मी बसलेय."

आम्ही घाई केली नाही, एवढंच सांगते.

चहाच्या वेळेला मी दार उघडलं. सासूबाई तिथेच होत्या, सुपारीचा ढीग समोर. पिशवी बाजूला पडली होती. बाजाराची पिशवी, चपटी, रिकामी. त्यावर मारुतीच्या पारावरचा शेंदूर लागला होता. त्या बाजाराला गेल्याच नव्हत्या. गल्लीच्या तोंडाला देवळाच्या पारावर बसून होत्या सकाळपासून.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. मान वर करायची सोय नव्हती.

"उशी पायाखालीच दिली व्हती न्हवं?" त्यांनी विचारलं.

मला एकदम तो हिरवा पडदा आठवला, आणि बाकड्याचं अलीकडचं टोक.

"आत्याबाई, तुमी ऐकलं?"

"कान हायत मला." त्यांनी सुपारीचा एक कात्रा तोंडात टाकला. "तुज्या सासऱ्याचा खुबा मोडला तवा मी चाळिशीची व्हते. तुजं लगीन झालं न्हवतं अजून. डॉक्टरला असलं इचारतेत, हे मला ठावंच न्हवतं. बरं झाल्यावर एक दिवस म्हनले मला, धुरपते, बाज आत घिऊ का? मी म्हनलं, लोक काय म्हनतील." अंगणात कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडं त्या बघत राहिल्या. "परत इचारलं न्हाई त्येनी. मीबी न्हाई."

"मग रुद्राची बाज का घालायला लावली तुमी इतं?"

"तोंडातून निगून गेलं, पोरी. आमच्यात तसंच म्हनायची सवय पडलीय." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि ओसरीवरच्या बाजेवर जाऊन बसल्या. मग पाय वर घेऊन सरळ आडव्या झाल्या, डोक्याखाली हात घेऊन. "आता ही बाज माजी. माजी कंबर धरलीय. कुनी इचारलं तर सांग, म्हातारीला ओसरी पायजे म्हनली."

"अन् ताट-पळी?"

"राहू दे उशाला. मला लागंल." त्यांनी पळी उचलून ताटावर एकदा सावकाश वाजवली. समोरच्या घरातून तानुबाई डोकावल्या. सासूबाईंनी त्यांना हातानंच 'काही नाही' अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी नागनाथकाका आले तर ओसरीवर बाजेवर सासूबाई. "महारुद्रा?" "व्यायामाला गेलाय आत." काका थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनाच हाताची गोष्ट सांगायला लागले. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतली. तेवढं त्यांनी माझ्यासाठी केलं, ते मी विसरणार नाही.

संध्याकाळी त्या खोलीच्या दारात आल्या. महारुद्र बेडवर आरशात मिशी बघत होता, त्यानं आरसा पांघरुणाखाली लपवला. सासूबाईंनी त्याच्याकडं बघितलंच नाही. काखेतली एक जाड, जुनी, त्यांच्या हातची शिवलेली गोधडी माझ्या अंगावर टाकली.

"ही पलंग अन् कपाटाच्या मधी गच्च कोंब," म्हणाल्या. "तानुबाईचं वय झालंय. सारकं पळणं व्हत न्हाई तिला."